कॅप्टन नायर यांची मधली पस्तीस वर्षे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे महिन्याच्या मध्यावर कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्या स्मरणाचे दोनचार मजकूर दरवर्षी वाचनात येतात, तसा यंदा आपल्या दैनिकातही एक आला. १७ मे २०१४ रोजी, बाण्णव वर्षांचे होऊन ते मुंबईत वारले. ‘लीला’ हॉटेलांचे संस्थापक, पद्मभूषण, लष्करातले माजी अधिकारी एवढी ओळख करून देऊन आपला मजकूर नेहमीच्या वाटेने गेला: फौजेने शिस्त दिली आणि शिस्तीने हॉटेल उभे राहिले. वाक्य कानाला बरे वाटते. अडचण एवढीच की, नायर यांनी लष्कर सोडले ते १९५१ साली आणि मुंबईच्या विमानतळाशेजारचे, सहारचे त्यांचे पहिले हॉटेल सुरू झाले ते १९८६-८७ च्या सुमारास. मधल्या पस्तीस वर्षांत हा माणूस काय करत होता, हा प्रश्न त्या मजकुराला पडलेला दिसत नाही. मला तो पडतो, कारण ती वर्षे कापडाच्या धंद्यात गेली आणि माझीही सारी हयात कापडातच गेली. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

लिहिण्यामागे दुसरेही एक कारण आहे आणि ते घरचे आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, आणि नायर कॅप्टन झाले तेही याच रेजिमेंटमध्ये. वडिलांची आणि त्यांची कधी गाठ पडली असेल असे मी मुळीच म्हणत नाही. पलटणी अनेक होत्या आणि हवालदार व कॅप्टन यांच्यामधले अंतर त्या काळी फारच मोठे होते. तरी ‘गणपत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बेळगावच्या केंद्रात घडणाऱ्या आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत चढाईला जाणाऱ्या त्या शिपायांमध्ये कन्नूरचा एक मल्याळी तरुण अधिकारी म्हणून वावरला, ही गोष्ट मराठी वर्तमानपत्राने तरी एका ओळीत सांगायला हवी होती. आपल्या मजकुरात रेजिमेंटचे नाव नव्हते.

नायर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२२ चा, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील मलबार जिल्ह्यात, कन्नूर येथला. घरची परिस्थिती बेताची होती. शाळकरी वयातच स्वातंत्र्य चळवळीचे वारे अंगात शिरलेला हा मुलगा १९४२ साली ब्रिटिशांच्याच सैन्यात दाखल झाला आणि आज पाकिस्तानात असलेल्या अबोटाबादला वायरलेस अधिकारी म्हणून काम करू लागला. चळवळीतला पोर साहेबाच्या फौजेत कसा गेला, असे विचारणाऱ्यांनी त्या पिढीच्या घराघरांतले हिशेब पाहावेत. महायुद्ध पेटले होते, भरती जोरात होती आणि महिन्याचा पगार ही तेव्हाही मोठी गोष्ट होती. आमच्या सातारा जिल्ह्यातूनही ज्यांनी पत्री सरकारला भाकरी पोहोचवली, त्यांच्याच घरातला एखादा भाऊ पलटणीत होता, आणि दोन्ही भाऊ एकाच पंगतीत जेवत होते.

फौजेतली त्यांची नोकरी जेमतेम नऊ वर्षांची. आजच्या नियमाने अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे भरावी लागतात, म्हणजे नायर यांची सेवा तिच्या निम्म्याहूनही कमी होते. हा तपशील मी मुद्दाम काढतो आहे. पूर्ण कारकीर्द संपवून, फंड आणि पेन्शन हाती घेऊन ‘आता काहीतरी करू’ म्हणणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांत त्यांची गणना करणे चुकीचे आहे. तिशीच्या आत नोकरी सोडलेला, नुकतेच लग्न झालेला आणि पुढे काय हे ठाऊक नसलेला असा तो तरुण होता. त्यांचे लग्न १९५० साली लीला यांच्याशी झाले. सासरे कन्नूरमध्ये हातमागाच्या कापडाचा कारखाना चालवत. नायर यांनी त्या कापडाची विक्री हाती घेतली. पदवी कॅप्टनची आणि काम गठ्ठे घेऊन व्यापाऱ्यांची दारे ठोठावण्याचे. लष्करी शिस्तीबद्दल लिहिणाऱ्यांना हे चित्र फारसे आवडत नसावे, कारण त्यात सलाम कोणी कोणाला ठोकायचा हे उलटे होते.

कन्नूरच्या कापडाविषयी थोडे सांगणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकात बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने तिथे विणकामाचे कारखाने काढले, तेव्हापासून हा परिसर पडदे, चादरी, बैठकीची कापडे यांसाठी नावाजला आणि आज त्या मालाला भौगोलिक मानांकनही आहे. स्वातंत्र्यानंतर मात्र देशभरच्या हातमागासमोर आमच्या मिलच्या कापडाचे संकट उभे होते. ‘आमच्या’ म्हणतो, कारण वडिलांनंतर मीही गिरणगावातच चिकटलो. १९५२ साली अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ मिलच्या कापडावर वाराला तीन पै असा अधिभार बसवून तो पैसा हातमाग व खादीकडे वळवण्यात आला. मिलवाले या तीन पैंच्या नावाने कितीतरी वर्षे बोटे मोडत. नायर या लढाईत पलीकडच्या बाजूला होते. मंडळाच्या कामात ते सुरुवातीपासून गुंतले आणि हातमागाचे कापड परदेशात कसे खपवायचे, हा त्यांचा ध्यास झाला. मला विचाराल तर ‘उद्योजक कॅप्टन नायर’ हा माणूस या काळात घडला. अबोटाबादला त्याची सुरुवातही झाली नव्हती आणि सहारला पोहोचेपर्यंत तो घडून कधीच पुरा झाला होता.

आता त्या कापडाच्या प्रसिद्ध गोष्टीकडे येतो. ती स्वतः नायर सांगत, आणि विक्रीच्या धंद्यातला माणूस आपली गोष्ट सांगताना तिला थोडी इस्त्री करतो, हे ध्यानात ठेवून ती ऐकावी. १९५८ साली विल्यम जेकबसन नावाचा अमेरिकी कापड आयातदार मद्रासला आला. नायर यांनी त्याला मद्रासी चौकटीचे हातमागाचे कापड दाखवले. पश्चिम आफ्रिकेत हा माल ‘रिअल मद्रास हँकरचीफ’ या नावाने कितीतरी आधीपासून जात होता आणि तिथली गिऱ्हाइके वनस्पतींच्या रंगांच्या आणि तिळाच्या तेलाच्या वासावरून तो अस्सल की नकली हे ओळखत. जेकबसनलाही त्या वासानेच भुरळ घातली म्हणतात. त्याने दहा हजार वार उचलले. हे कापड थंड पाण्यात, हलक्या हाताने आणि वेगळे धुवावे लागते असे नायर यांनी त्याला बजावले होते. परंतु ती सूचना पुढे ब्रूक्स ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या नामवंत कपडेवाल्यांपर्यंत आणि त्यांच्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचलीच नाही. लोकांनी महागामोलाच्या विजारी आणि कोट यंत्रात टाकून धुतले आणि सगळे रंग एकमेकांत उतरले. तक्रारी झाल्या, वकील उभे राहिले, नायर यांना अमेरिकेला बोलावणे आले. तिथे त्यांनी भांडण न वाढवता ‘सेव्हंटीन’ या मासिकाच्या संपादिकेची भेट घेतली आणि या कापडाचे वैशिष्ट्य सांगितले: धुण्यागणिक याचे रंग एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक वेळी कापड नवे दिसते. मासिकाने त्यावर लेख छापला, ‘ब्लीडिंग मद्रास’ हे नाव रूढ झाले, आणि ज्या दोषासाठी माल परत येत होता त्याच दोषासाठी लोक दुकानांत रांगा लावू लागले.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत मोठ्या चवीने सांगितली जाते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आले आणि थोडा रागही आला. माझी पहिली नोकरी मिलच्या रंगखात्यात होती. १९८२ च्या संपानंतर मिल गेली, तेव्हा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात, लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. या सगळ्या काळात माझे मुख्य काम एकच होते: रंग जाणारा माल दाराबाहेर पडू न देणे. रंगीत कापडाचा लहान तुकडा पांढऱ्या पट्टीला शिवायचा, साबणाच्या गरम पाण्यात ठरलेला वेळ घुसळायचा, वाळवायचा, आणि मग किती रंग उतरला व शेजारच्या पांढऱ्यावर किती चढला हे करड्या रंगाच्या प्रमाणपट्टीशी ताडून १ ते ५ मध्ये अंक द्यायचा. पाच म्हणजे रंग जराही ढळला नाही. निर्यातीचा माल चाराच्या खाली आला की पुन्हा कढईत. अशा माणसाला कोणी सांगितले की एका कॅप्टनने एक-दीड अंकाचे कापड अमेरिकेला ‘चमत्कार’ म्हणून विकले, तर त्याला काय वाटेल याची कल्पना करावी.

घरातही आपल्याकडे रंग जाणाऱ्या कापडाला मान नाही. नवे लुगडे आले की आई ते आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवी. मिठाने रंग खरोखर किती धरतो हा वेगळा वाद आहे, पण त्या बादलीतले लालसर पाणी पाहून ती दुकानदाराला जे बोलत असे ते येथे लिहिण्याजोगे नाही. एकदा माझा शाळेचा पांढरा सदरा त्याच बादलीत गेला आणि वर्षभर मी फिक्या गुलाबी सदऱ्यात शाळेला गेलो. नव्या सदऱ्याला पैसे नव्हते आणि फौजेतून आलेल्या वडिलांना त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नव्हते.

राग ओसरल्यावर मात्र रंगखात्यातल्या माणसाच्या नजरेने मी त्या कापडाचा विचार केला आणि मत बदलले. वनस्पतींचे रंग सुतावर सगळे सारखे बसत नाहीत. मंजिष्ठेचा लाल तुरटीशिवाय धरत नाही. तुरटी नीट दिली तर तो चांगला टिकतो, कमी पडली तर पाण्याबरोबर वाहतो. नीळ धाग्याच्या गाभ्यात फारशी शिरत नाही, थरावर थर चढून अंगावर बसते, म्हणून घासली की उतरते. हळदीचा पिवळा तर उन्हानेही उडतो आणि पाण्यानेही. असे तीन स्वभावांचे रंग उभ्या-आडव्या धाग्यांच्या चौकटीत शेजारी बसले की पहिल्या धुण्यात पिवळा आधी हलतो, निळ्याशी मिसळून कडेला हिरवट झाक येते, लाल थोडा पसरतो आणि चौकटीची काटेकोर रेघ मऊ होते. चार धुण्यांनंतर कापडाला असा एक जुनेरपणा येतो, जो आमच्या खात्यात रसायने ओतूनही आणता आला नसता. पुढे तर तयार विजारी दगडांबरोबर घुसळून त्यांना मुद्दाम जुने रूप देण्याचा अख्खा व्यवसायच उभा राहिला, हे सगळ्यांना माहीत आहे. नायर यांनी दोष लपवला नव्हता, विकतानाच सांगितला होता. आणि संकट आले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते कापडाच्या स्वभावाला धरून होते. हे बोलायला कापड कळावे लागते. परेड मैदानावर ते शिकवत नाहीत.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती कोणी सांगत नाही. परदेशी फॅशनच्या लाटेवर हातमाग चढला की लाट ओसरल्यावर माग थांबतो. मद्रासी चौकटीची अमेरिकेतली हौस साठच्या दशकाबरोबर मावळली. सत्तरच्या दशकाच्या मध्याला कन्नूरच्याच क्रेप कापडाला अशीच परदेशी मागणी आली, गल्लोगल्ली माग लागले आणि दोनतीन वर्षांत मागणी आटल्यावर पुष्कळ विणकर उघड्यावर पडले. याचा दोष नायर यांच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. निर्यातदार आपला माल बदलू शकतो, मागावर बसलेल्याला ते तितके सोपे नसते, एवढेच म्हणायचे आहे. नायर यांनी माल बदलला. लेस आणि तयार कपडे यांच्या निर्यातीत ते उतरले आणि पत्नीच्या नावाचा लेसचा कारखाना त्यांनी मुंबईत सहारला उभारला. हॉटेलाच्या आधी ‘लीला’ हे नाव कापडाच्या गठ्ठ्यांवर गेले, ही गोष्ट त्या हॉटेलात उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

निर्यातीच्या निमित्ताने युरोप-अमेरिकेत फिरताना त्यांनी मोठमोठी हॉटेले पाहिली आणि तसे एक आपले असावे हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले, असे ते सांगत. पण पाहणे आणि बांधणे यांत तीस वर्षांचे अंतर पडले. सहार हे तेव्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे जुने गाव, भोवती मोकळी जागा आणि लहान कारखाने. शेजारी नवे आंतरराष्ट्रीय विमानतळ आले तेव्हा जागेचा अर्थ बदलला. हॉटेल सुरू झाले तेव्हा नायर पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. सरकारी नोकरीत असते तर सेवानिवृत्त होऊन सहा-सात वर्षे झाली असती. ज्यांना १९९० च्या आसपासचे अंधेरी आठवते त्यांना ‘लीला केम्पिन्स्की’ हे नाव आठवेल. आम्ही बसमधून जाताना ते पाहत असू, आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून लक्षात राहिली ती झाडी. झाडांचे त्यांना वेड होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘ग्लोबल ५००’ सन्मानितांच्या यादीत त्यांचा समावेश केला होता.

त्यानंतरची हॉटेले भराभर सांगता येतील. १९९१ मध्ये गोव्यात मोबोरला, २००१ मध्ये बंगळूरला राजवाड्याच्या धाटणीचे, मग केरळात कोवळमचे, जे मुळात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सरकारसाठी योजलेले होते आणि नायर यांनी २००५ मध्ये घेतले, पुढे उदयपूर, २०११ मध्ये दिल्लीत चाणक्यपुरी आणि २०१३ मध्ये चेन्नई. पद्मभूषण २०१० साली मिळाले. या यादीवर आपल्या मजकुराने दोन परिच्छेद खर्च केले आहेत, त्यामुळे मी येथे थांबतो.

ज्यावर आपण एक ओळही खर्च केली नाही ते कर्ज. चाणक्यपुरीचा तीन एकरांचा भूखंड २००७ साली सहाशे कोटींहून अधिक बोली लावून घेतला गेला, तेव्हा नायर पंचाऐंशी वर्षांचे होते. हॉटेलाच्या धंद्यात पैसा आधी जमिनीत आणि मग विटांत गाडावा लागतो, भाडे यायला काही वर्षे जातात आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते. त्यातच २००८ ची जागतिक मंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. परदेशी पाहुण्यांवर चालणाऱ्या पंचतारांकित हॉटेलांना याहून वाईट वर्ष कोणते असणार? कंपनीने २०११ मध्ये कोवळमचे हॉटेल पाचशे कोटींना विकले, २०१२ मध्ये कर्जाची फेररचना केली, तरी भार हलका झाला नाही. नायर यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये, एक्याण्णवाव्या वाढदिवशी, अध्यक्षपद सोडले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ते गेले आणि महिना-दीड महिन्यात बँकांनी चार हजार कोटींच्या घरातले आपले येणे थकलेली कर्जे विकत घेणाऱ्या एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीच्या हवाली केले. २०१९ मध्ये बंगळूर, दिल्ली, चेन्नई आणि उदयपूर ही हॉटेले ‘लीला’ या नावासकट कॅनडाच्या ब्रुकफिल्ड या गुंतवणूक कंपनीने ३,९५० कोटी रुपयांना घेतली. मुंबईचे पहिले हॉटेल तेवढे मूळ कंपनीकडे राहिले, पण त्या कंपनीला आपल्या नावातून ‘लीला’ काढून टाकावे लागले. १९५० साली लग्न करून घरी आणलेल्या मुलीचे नाव आज शेअर बाजारात नोंदलेल्या, नायर कुटुंबाच्या मालकीच्या नसलेल्या कंपनीवर आहे.

हे लिहिल्याने मृताचा अवमान होतो असे मला वाटत नाही. गिरणगावात मी उलट प्रकारचे मालक पाहिले आहेत, ज्यांनी तीस-तीस वर्षे एक नवा साचा बसवला नाही, यंत्रांतून शेवटचा पैसा काढला आणि मग जमीन विकली. पंचाऐंशीव्या वर्षी व्याजावर पैसे काढून राजधानीत हॉटेल बांधणाऱ्या म्हाताऱ्याची चूक मला त्या शहाणपणापेक्षा अधिक आवडते. पण चूक ती चूकच. धाडस जेव्हा स्वतःच्या गाठीच्या पैशाचे होते तेव्हा ते दहा हजार वारांपुरते होते. बँकांच्या पैशाचे झाले तेव्हा त्याला माप उरले नाही. आपल्या वाचकांत उद्योग करू पाहणारे तरुण असतील, तर त्यांना मद्रासी कापडाइतकेच चाणक्यपुरीचे प्रकरणही कळायला हवे.

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांचे उदाहरणही अशा लेखांत हमखास येते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेल्या या अधिकाऱ्याने सुमारे आठ वर्षांनी फौज सोडली आणि २००३ मध्ये ‘एअर डेक्कन’ सुरू करून स्वस्त विमानप्रवास आणला, एवढेच सांगितले जाते. त्यांचीही मधली वर्षे हासन जिल्ह्यात शेतीत आणि रेशमाच्या किड्यांत गेली. नायर काय किंवा गोपीनाथ काय, दोघेही तरुणपणी बाहेर पडले आणि दोघांनीही आपल्या हुद्द्याला काडीचीही किंमत नसलेल्या ठिकाणी काम केले. आज या दोघांच्या जवळचे कोणी असेल तर ते म्हणजे दहा-चौदा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशननंतर पेन्शनविना पस्तिशीच्या आसपास बाहेर पडणारे अधिकारी. त्यांच्यासाठी पुनर्वसन महासंचालनालय व्यवस्थापन संस्थांमधून सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालवते, ते चांगलेच आहे. पण सहा महिन्यांनी अध्यक्षाची खुर्ची मिळते असा समज स्मरणलेखांनी करून देऊ नये.

आणि माझ्या वडिलांसारख्यांचे काय, हेही विचारतो, कारण ‘माजी सैनिक उद्योजक’ या मथळ्याखाली नेहमी अधिकारीच असतात. वडील फौजेतून सुटले तेव्हा त्यांना मिलच्या दाराशी रखवालदाराची जागा मिळाली. खाकी उतरवून खाकीच घातली, बंदुकीच्या जागी काठी आली. ते गणितात पक्के होते, आणि पलटणीच्या भांडारातला माल त्यांनी एकेका बटणासह सांभाळला होता असे ते अभिमानाने सांगत. तेवढ्या हिशेबीपणावर कन्नूरच्या एखाद्या सासऱ्याने त्यांच्या हाती गठ्ठे दिले असते तर त्यांनी ते विकले असते की नाही, मला ठाऊक नाही. त्यांना कोणी विचारले नाही. आजही पंधरा वर्षांच्या सेवेनंतर, चाळिशीच्या आत घरी येणाऱ्या जवानासमोर सुरक्षा रक्षकाची नोकरी हाच सगळ्यांत जवळचा दरवाजा असतो. आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा माणूस अशाच एका पलटणीतून आलेला आहे.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या वर्षी कॅप्टन नायर यांच्यावर मजकूर देताना त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाव घालावे, कन्नूरच्या मागांना आणि मद्रासी चौकटीला निदान हॉटेलांइतकी जागा द्यावी आणि कर्जाचा भाग वगळू नये. छायाचित्र छापायचे झाल्यास हॉटेलाच्या कमानीखालचे नको, कापडाच्या गठ्ठ्यांजवळचे मिळाले तर पाहावे. हातमागाच्या भागाबद्दल काही विचारायचे असल्यास आपल्या वार्ताहराने खुशाल घरी यावे. रंग का जातो हे मी बादलीत कापड बुडवून दाखवीन.

आपला नम्र,
एक वाचक (निवृत्त डाइंग मास्टर)
डोंबिवली पूर्व